न बोललेला नवस

विमलाबाईंनी डब्याचं झाकण चमच्याच्या दांडीनं उचकटलं, आतली पांढरी भुकटी नाकाजवळ नेऊन हुंगली आणि कुणी काही म्हणायच्या आत अख्खा डबा सिंकमध्ये उपडा केला. वरून नळ सोडला. भुकटीचा लगदा जाळीवर अडकला, बोटानं ढकलला तसा हळूहळू वाहून गेला... आणि टाके ओढू नयेत म्हणून दाराच्या चौकटीला धरून उभी राहिलेली नम्रता नुसती पाहत राहिली.

"दिग्रसहून एसटीत बसून मी हे पाहाले आली?" विमलाबाईंनी रिकामा डबा ओट्यावर आपटला. "घरात बाळंतीण बाई, अन् लेकरू भुकटीवर? आमच्याकडे गाईचं वासरूबी कोणी मायपासून असं तोडत नाही."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय," सुदर्शन हॉलमधून म्हणाला. हातातल्या वर्तमानपत्राची तो पुन्हापुन्हा घडी घालत होता.

"काहून सांगितलं?"

सुदर्शनकडे उत्तर होतं, पण ते द्यायची छाती नव्हती. त्यानं बायकोकडे पाहिलं. त्या नजरेतली याचना नम्रताला आता तोंडपाठ झाली होती.

"मला दूध येत नाही, आई," ती म्हणाली.

विमलाबाई जवळ आल्या. सुनेच्या गाऊनवर छातीपाशी दोन ओले डाग पडले होते, आणि ती बोलत होती तेवढ्यातच ते मोठे होत चालले होते. आतल्या खोलीत बाळ भुकेनं रडायला लागलं होतं ना! आईच्या शरीराला खोटं बोलता येत नाही. विमलाबाईंनी त्या डागांकडे पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडे पाहिलं.

"येत नाही, का द्यायचं नाही?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कंपनीत जायची घाई हाय, का अंग सैल पडायचं भेव?"

नम्रतानं मान खाली घातली. त्या घरात तेच तिचं उत्तर धरलं गेलं. सुदर्शन मुकाट्यानं चपला घालून दुसरा डबा आणायला खाली उतरला.

खरं काय ते त्या दोघांनाच ठाऊक होतं. पाचव्या महिन्यात रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी केबिनचं दार लोटून घेतलं होतं, नम्रताला पाणी प्यायला दिलं होतं आणि मग तो शब्द उच्चारला होता. त्या काळी एचआयव्ही हा शब्द रिक्षांच्या पाठीवर आणि सरकारी भिंतींवर लिहिलेला असे, पण माणसांच्या घरात कुणी तो तोंडावाटे काढत नसे. दुसऱ्या दिवशी सुदर्शनचं रक्त तपासलं. त्याच्या रक्तात तो नम्रताच्याही आधीपासून मुरलेला होता.

सुदर्शन वाईट माणूस नव्हता. हेच तर दुःख होतं! इंजिनियर झाला त्या सुमारास देशाची दारं उघडली, परदेशी यंत्रं आली आणि ती बसवायला ही गावाकडची पोरं बॅगा घेऊन परमुलखात निघाली. महिने महिने लॉजवर काढायचे, खिशात पहिल्यांदाच पैसा, आणि घरचं कुणी जवळ नाही... तिथं केव्हातरी पाय घसरला. लग्नाच्या कितीतरी आधीची गोष्ट, तो स्वतःसुद्धा विसरलेला. ती अशी सव्याज परत आली.

"गोळी वेळेवर घ्या, ऑपरेशननं बाळंतपण करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आणि बाळाला तुमच्या अंगावर एकदाही घेऊ नका. थोडं अंगावरचं, थोडं वरचं, असं तर मुळीच नको. एवढं पाळलंत तर बाळ वाचायची चांगली आशा आहे. पण पक्कं काय ते बाळ दीड वर्षाचं झाल्यावरच कळेल."

त्या संध्याकाळी वारज्याच्या या फ्लॅटमध्ये सुदर्शननं बायकोच्या पायांवर डोकं ठेवलं. तिच्या पावलांवर त्याची आसवं पडत होती. "मला काय हवी ती शिक्षा दे... पण आईला कळू देऊ नकोस. ती जगायची नाही गं. पोटातल्या बाळाची शपथ घे."

आणि नम्रतानं ती घेतली. दिवसभर कंपनीत बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी ही मुलगी, एरवी शपथा-बिपथा मानणारी नव्हे. पण पोटातल्या जिवाची शपथ एकदा घातली गेली, की मोडायला मन धजावत नाही. तिची आई ती कॉलेजात असतानाच गेली होती. मन मोकळं करायला माहेर उरलं नव्हतं, म्हणून तर पहिलं बाळंतपण पुण्यात, सासूच्या हातून होत होतं.

विमलाबाईंचा राग खरा होता, आणि पंचाईत अशी की त्यांची मायाही तितकीच खरी होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पदर खोचला. अळिवाची खीर झाली, मेथीचे लाडू झाले, डिंकाचे झाले, बाजरीच्या भाकरीवर तुपाची धार पडू लागली. दिग्रसमध्ये त्यांनी स्वतःची दोन पोरं पाजली होतीच, वर शेजारची बाळंतीण गेली तेव्हा तिचं तान्हंही महिनाभर अंगावर धरलं होतं. 'पान्हा काही बाईच्या मर्जीनं अडत नाही, पोटातून घातलं की येतोच,' हा त्यांचा अनुभव. त्या समोर बसून एकेक लाडू सुनेला खायला लावत आणि नम्रता खाई. नाही म्हणावं तर अन्नाचा अपमान, आणि खावं तर...

तर छाती दगडासारखी होई. दूध आटायच्या गोळ्या आणि सासूबाईंचे लाडू यांची तिच्या देहात लढाई चाले. ती छातीवर घट्ट फडकं आवळून बांधी. सहन होईना तेव्हा न्हाणीघरात जाऊन बादलीत नळ सोडी, आणि त्या पाण्याच्या आवाजाआड आपलं दूध पिळून मोरीत सोडी. पलीकडे बाळ बाटलीला ओठ लावून चोखत असे... आणि इकडे त्याचं हक्काचं, त्याच्यासाठीच आलेलं, त्याला कधीच न मिळणारं ते अमृत सांडपाण्यात जात असे. ती तोंडात पदराचा बोळा कोंबून रडे. बाहेर आली की चेहरा धुतलेला असे.

दुपारची जेवणं झाली की विमलाबाई कमरेची चंची सोडून पान लावत. माहूरच्या रेणुकामाईचा प्रसाद म्हणजे कुटलेल्या पानाचा तांबूल, त्यामुळे पान खाण्याला त्या व्यसन म्हणत नसत, भक्ती म्हणत. महिपतरावांनी, म्हणजे त्यांच्या यजमानांनी, एकदा या भक्तीचा हिशेब विचारला होता, तेव्हापासून महिपतराव दिग्रसमध्ये गप्प होते. मात्र देवीच्या नावाला त्या फार भीत. भाजीवाल्याशी घासाघीस करताना 'मायची आण' ओठावर आली तरी जीभ चावत. देवीच्या नावानं खोटं बोलणाऱ्याच्या वंशाला दिवा राहत नाही, असं त्या गंभीरपणे सांगत.

बारसं झालं. आत्यानं, अपेक्षानं, बाळाच्या कानात 'अभिनव' नाव सांगितलं आणि ती नागपूरला परत गेली. जाताना वहिनीशी धड बोलली नाही. तळमजल्यावरच्या वासंतीकाकू तेवढ्या बोलल्या. पुण्यातच जन्म गेलेला, त्यामुळे त्यांना आवाज चढवावा लागत नसे.

"बाटली का? छान," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी डबा फक्त ऑफिसला नेत असत."

बायका हसल्या. विमलाबाईंची मान शरमेनं खाली गेली. ती मान नम्रताला दिसली, आणि टोमण्यापेक्षा तीच जास्त लागली.

मग तो दिवस आला. लाडूंनी अखेर डाव साधला. एका बाजूला गाठ धरली, कणकण भरली, आणि दुपारपर्यंत नम्रता तापानं फणफणली. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन ती पडली तशी तिला गाढ झोप लागली. सुदर्शन कामावर होता. विमलाबाई उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या. ठेवता ठेवता त्यांनी सुनेच्या छातीवरचं ते आवळलेलं फडकं पाहिलं. पोरीनं स्वतःचे केवढे हाल मांडलेत हे! एकदा लेकराचं तोंड लागू दे, ठणका तर उतरेलच, आणि मायपणही जागं होईल... एकदा पाजलं की कुठली बाई पुन्हा लेकराला दूर करते? त्यांनी हळूच गाठ सोडली. पाळण्यातून अभिनवला उचललं आणि झोपलेल्या आईच्या कुशीत ठेवलं.

नम्रता स्वप्नात होती. स्वप्नात तिची आई तिच्या डोक्यावरून हात फिरवत होती. अंगातला ठणका कुणीतरी ओढून घेत होतं, आत साठलेलं सगळं सगळं वाहून जात होतं आणि त्या जागी असं काही भरून येत होतं, की इतकं सुख तिला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. एक इवलीशी मूठ तिच्या छातीवर उघडमीट करत होती. ती हसली... आणि तिला जाग आली.

खाली पाहिलं तर अभिनव डोळे मिटून पीत होता.

तिच्या घशातून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. तिनं त्याच्या ओठांत बोट घालून त्याला ओढून काढलं, उशीवर टाकलं, उशाचं पाणी घेऊन त्याचं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, बोटाला पदर गुंडाळून जीभ पुसली. पोर काळंनिळं होऊन रडत होतं. "काय केलंत... काय केलंत हे, आई? विष आहे ते!"

विमलाबाईंनी नातवाला हिसकावून घेतलं. "मायच्या दुधाले विष म्हणते? अवं, कसायाच्या घरीबी असं पाह्यलं नाही मी. तू माय नाहीस."

सुदर्शन संध्याकाळी आला तेव्हा विमलाबाईंची पिशवी दाराशी होती आणि अभिनव दुपट्यात गुंडाळून त्यांच्या मांडीवर होता. नम्रता भिंतीला टेकून खाली बसली होती. ताप अजून उतरला नव्हता.

"मी याले घेऊन जातो दिग्रसले," विमलाबाई मुलाला म्हणाल्या. निश्चय झाला की त्या पुरुषासारखं बोलत. "तिथं आपल्या भावकीत नुकती बाळंतीण झालेली सून हाय. दोन लेकरं पाजल एवढं दूध हाय तिले. तिच्या अंगावर वाढन हा."

सुदर्शननं बायकोकडे पाहिलं. नम्रतानंही त्याच्याकडे पाहिलं, आणि या वेळी तिच्या नजरेत याचना नव्हती, नुसती वाट पाहणं होतं... आता तरी बोला. एवढं तरी बोला. सुदर्शनचे ओठ हलले. शब्द आला नाही.

बाळाला ते लागलं असलं, तर त्याला पाजणाऱ्या त्या पोरीलाही लागेल... तेव्हा नम्रता उठली. भिंतीचा आधार घेत सासूपाशी आली आणि त्यांचे पाय धरले. "घेऊन जा, आई. तुमच्याकडे तो नीट वाढेल. मी आई व्हायच्या लायकीची नाही, तुमचं खरं आहे. फक्त एवढी भीक घाला... त्याला दुसऱ्या कुणाच्याही अंगावर पाजू नका. त्या पोरीचा संसार आहे, तिचं बाळ आहे. याला डबाच द्या. उकळलेल्या पाण्यात द्या. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी."

अंग सैल पडेल म्हणून भिणारी बाई दुसऱ्या बाईच्या दुधाची काळजी कशाला करील? विमलाबाई साध्या होत्या, अडाणी नव्हत्या. त्यांनी सुनेच्या वाकलेल्या डोक्यावरून मुलाकडे पाहिलं.

"सुदर्शन," त्या म्हणाल्या. "मले सांग. काय झालंय हिले?"

"तिला काही झालेलं नव्हतं, आई." सुदर्शन भिंतीवरून घसरत खाली बसला. त्यानं तोंड दोन्ही हातांत लपवलं. "मला झालं होतं. मी तिला दिलं." आणि मग बांध फुटावा तसं त्यानं सगळं सांगितलं. लॉज, रक्ताचा रिपोर्ट, शपथ... "ती रोज तुझी बोलणी खात होती आणि मी पेपर वाचत होतो, आई. मी तिथंच बसून पेपर वाचत होतो."

खालच्या रस्त्यावर कंपनीची गाडी कुणाला तरी सोडून गेली. विमलाबाई मांडीवरच्या नातवाकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू उतरत गेलं, आणि नम्रताला कळलं की मुलाचं येऊ घातलेलं मरण, सुनेचा रोग, यांच्याही पलीकडे त्यांना आता तिसरंच काहीतरी दिसतं आहे.

"अन् मी..." त्या पुटपुटल्या. "मी माह्या हातानं पाजलं त्याले."

नम्रता त्यांच्या गळ्यात पडली. अपराध कुणाचा आणि सांत्वन कुणी करायचं, याचा हिशेब त्या घरात उरला नव्हता. दोघी एकमेकींना धरून रडल्या, मधे बाळ चेंगरलं म्हणून रडलं, आणि सुदर्शन आपल्या जागेवरून उठला नाही. त्याला उठायला कुणी सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "एकदाच झालंय. बहुतेक काही होणार नाही," त्या म्हणाल्या, "पण वचन देता येत नाही. दीड वर्षाचा होऊ दे." 'बहुतेक' या शब्दावर विमलाबाईंना पुढचे सगळे महिने काढायचे होते. पिशवी पुन्हा माळ्यावर गेली. दिग्रसला निरोप गेला की बाळाचं करायला आजी इथंच राहणार. लाडूंचे डबे रिकामे झाले, आणि स्वयंपाकघरात दिवसभर बाटल्या उकळत्या पाण्यात खडखडू लागल्या. डबा उघडताना विमलाबाई आता हात दोनदा धूत. भुकटीचा मोजका चमचा सपाट करताना त्यांचा श्वाससुद्धा थांबे. सुनेची माफी त्यांनी शब्दांनी कधी मागितली नाही. त्यांना ते जमत नसे.

संक्रांतीला अभिनवचं बोरन्हाण घातलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट... बाळ नम्रताच्या मांडीवर बसून डुलत होतं. बायका जमल्या होत्या, बोरं-चुरमुरे-रेवड्यांची ताटं भरली होती. विमलाबाई नातवाच्या डोक्यावरून बोरं ओतणार, तेवढ्यात त्याला भूक लागली आणि नम्रतानं शेजारची बाटली उचलली.

"असू दे, असू दे," वासंतीकाकू म्हणाल्या. "आजकाल सगळं तयार मिळतं. पुढच्या वर्षी आईसुद्धा डब्यातून येईल, चमच्यानं ढवळायची."

हसण्याची लाट उठली. नम्रतानं बाटली बाळाच्या ओठाला लावली. डोळे भरून आले होते, पण पापणी हलवली तर ते बाळाच्या डोक्यावर सांडतील म्हणून ती तशीच बसली.

विमलाबाईंनी बोरांची वाटी खाली ठेवली.

"तिले बोलू नका," त्या म्हणाल्या. "तिनं नाही केलं हे. माहा नवस हाय."

बायका त्यांच्याकडे वळल्या.

"माहूरच्या रेणुकामायले मी बोलली होती. नातू दे, मी त्याले तुह्या ओटीत घालीन. मायच्या अंगावर पाजणार नाही, तुह्यं लेकरू म्हणून वाढवीन." त्यांचा आवाज स्थिर होता, एक हात नातवाच्या डोक्यावर होता, फक्त दुसरा पदराच्या टोकाशी चाळा करत होता. "ही पोर रडे. दूध वाहून जाये, फडकं बांधून बसे. मीच पाजू देत नव्हती. बोलायचं असन तर मले बोला."

नवसापुढे कोण बोलणार? वासंतीकाकूंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "मला काय ठाऊक, हो," त्या खऱ्याखुऱ्या ओशाळून म्हणाल्या आणि नम्रताच्या पाठीवरून हात फिरवला. कुणीतरी पुटपुटलं, केवढा कठीण नवस बाई... आणि बोरं ओतली गेली.

नम्रता सासूकडे पाहत होती. असा नवस कधी बोललाच गेला नव्हता! देवीच्या नावानं खोटं बोलणाऱ्याच्या वंशाला दिवा राहत नाही, असं सांगणारी ही बाई, ज्या एका दिव्यासाठी रात्रंदिवस जीव टांगणीला लागला होता त्याच्याच डोक्यावर हात ठेवून, भरल्या घरात देवीच्या नावानं खोटं बोलली होती. सुनेच्या अब्रूसाठी. त्या दिवशी विमलाबाई जेवल्या नाहीत. त्यानंतरच्या नवरात्रात त्या माहूरला गेल्या नाहीत. "कोणत्या तोंडानं जाऊ?" एवढंच म्हणाल्या.

सुदर्शन त्या नवरात्राआधीच, पावसाळ्यात गेला. खोकला लागला तो सुटला नाही. औषधं तेव्हा महाग होती, नम्रतानं पगार ओतला, पण त्यानं आधीच हार मानली होती. तिनं मात्र स्वतःच्या गोळ्या एकही वेळ चुकवल्या नाहीत. शेवटच्या दिवसांत तो तिच्याशी फार बोलत नसे, फक्त तिचा हात धरून ठेवी. एकदा म्हणाला, "मी बोललो असतो, नम्रता. त्या दिवशी तू आधी उठलीस म्हणून..." तिनं त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. तिला ते खरं वाटलं का, कोण जाणे. पण त्याला तसं वाटत असेल, तर तेवढं त्याला सोबत न्यायला हरकत नव्हती. लोकांना क्षय म्हणून सांगितलं. बायका नम्रताच्या बांगड्या उतरवायला पुढे झाल्या तेव्हा विमलाबाई मधे बसल्या आणि बायका परत गेल्या.

अभिनव दीड वर्षाचा झाला. रक्त देताना तो रडला, मग चोखायला गोड गोळी मिळाल्यावर हसला. रिपोर्ट आणायला नम्रता कंपनीतून दुपारीच निघाली. लॅबच्या पायऱ्यांवर उभी राहून तिनं पाकीट फोडलं, वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग त्या गजबजलेल्या कर्वे रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता, पायरीवर बसून मनसोक्त रडली. घरी येताना तिनं कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून एक विडा बांधून घेतला. लवंग टोचलेला, कात कमी, जसा सासूबाईंना आवडे तसा.

विमलाबाई दारातच उभ्या होत्या.

"काही नाही त्याला, आई," नम्रता म्हणाली. "स्वच्छ आहे. आपला अभिनव निरोगी आहे."

विमलाबाई खाली बसल्या. खेळणाऱ्या नातवाला जवळ ओढून त्याच्या इवल्या पावलांवर त्यांनी कपाळ टेकलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. पोराला गुदगुल्या झाल्या, ते खिदळत राहिलं.

डोळे पुसून झाल्यावर नम्रतानं विडा पुढे केला. "घ्या. किती महिने झाले, तुम्ही पानाला हात लावला नाहीत. देवीच्या नावानं खोटं बोललात म्हणून सोडलंत ना? आता माईनं माफ केलं, बघा. उपास सोडा."

विमलाबाईंनी विड्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं नम्रताला दिसलं. तरी त्यांनी मान हलवली.

"त्याच्यासाठी नव्हतं सोडलं. ते खोटं माह्या माथ्यावर हाय, माहूरले जाऊन पायरीवर नाक घासीन." त्या बाळाचे वाळलेले कपडे ओढून घेऊन घड्या घालायला लागल्या. "पान त्याच्या आधी सोडलं. सुदर्शननं सांगितलं, त्याच सांजेले."

नम्रताला आठवलं. त्या संध्याकाळी ओट्यावरच्या खिळ्याला चंची टांगलेली तिनं पाहिली होती, आणि तापाच्या गुंगीत विसरून गेली होती.

"मायले म्हटलं, माह्या लेकानं केलं ते तो भोगन. लेकराचं तू पाहशील. पण या पोरीनं काय केलं वो? हिले तरी ठेव. ही हाय तवर मी पान खात नाही." त्यांनी एक झबलं झटकलं, पुन्हा घडी घातली. "असं कोणाले सांगायचं नसते. सांगितलं तर फळत नाही म्हणतात. तू विचारलं म्हणून बोलली."

नम्रतानं पुढे केलेला विडा मागे घेतला. औषधांवर चाललेलं आपलं आयुष्य किती, हे तिला ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. समोरची म्हातारी मात्र त्या आयुष्याला आपल्या एकुलत्या एक सुखाची गाठ मारून बसली होती, आणि ती गाठ कधीच सुटू नये एवढंच मागत होती.

"आणि मीच तुमच्या आधी गेले तर, आई?"

"मग पान गोड लागन का मले?" विमलाबाई म्हणाल्या आणि उठून बाळाचं दूध गरम करायला आत गेल्या.

नम्रतानं तो विडा देव्हाऱ्यात देवीच्या तसबिरीपुढे ठेवला. तो तिथंच वाळला. रोज पूजा करताना विमलाबाई तो उचलून बाजूला ठेवत, खालची जागा पुसत, फूल वाहत, आणि पुन्हा होता तिथं ठेवत.